काकू निरवांगीहून परत का येत नाही

तीर्थरूप तात्यांना,
मल्हारचा शिरसाष्टांग नमस्कार. पाया पडायला कन्हेरीपर्यंत येता येत नाही, कारण तुमची मोटरसायकल इथं आहे आणि तिची किल्ली काकूच्या पिशवीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? काढा वेळेवर घेता ना? दूध संस्थेच्या ऑफिसात एसी बसला असं ऐकलं, फार आनंद झाला. चेअरमन माणसाचं डोकं थंड राहिलं पाहिजे. हे पत्र वाचताना तर फारच.

फोन करायचा सोडून पोरगं पत्र का लिहितंय, असं तुम्ही म्हणाल. काकूचा हुकूम आहे. ती म्हणाली, "फोनवर हे मधीच बोलत्यात. कागदाला मधी बोलता येत न्हाय." म्हणून भिगवणला जाऊन चांगला रेघांचा कागद आणला. (जाताना डाळजजवळ पाण्यात रोहित पक्षी उतरले होते, ते बघत दुपार गेली. म्हणून पत्राला एक दिवस उशीर झाला. आजोबा मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जायचे. माझ्यापुढं मेंढरं नाहीत, मी नुसताच जातो.) तर मुद्दा असा, की तुम्ही काल फोनवर ओरडलात, "तुझी काकू माहेराला दोन दिस म्हणून गेली, अजून का येईना?" त्याचं उत्तर लिहितो. शेवटपर्यंत वाचा, मध्ये फाडू नका.

मी काकूला तिच्या भावाकडं, म्हणजे जोतीराममामांकडं सोडलं, तेव्हा निरवांगीत दोन गोष्टी चालू होत्या. एक म्हणजे जनगणना. बारामतीच्या योगिनी मॅडम, शाळेवर शिक्षिका, मोबाईल घेऊन घरोघर फिरत होत्या आणि घरात माणसं किती, धान्य कुठलं, पाणी कुठून, असं विचारत होत्या. दुसरी म्हणजे तिथल्या दूध संस्थेची निवडणूक. जोतीराममामा तिथले चेअरमन, तुमच्यासारखेच. (ऑफिस साधं आहे. पंखा आहे.) आता संस्थेत सभासद कोण? तर ज्याच्या नावावर दूध जातं तो. आणि दूध सगळं बाप्यांच्या नावावर. म्हशीला चारा घालणार सिंधुमामी, शेण काढणार सिंधुमामी, धार काढणार सिंधुमामी, कॅन डोक्यावर घेऊन डेअरीवर नेणार सिंधुमामी, आणि मत देणार जोतीराममामा. स्वतःलाच.

सिंधुमामीनं यंदा सभासद होण्यासाठी अर्ज दिला. तिच्यामागं गावातल्या आणखी बायकांनी दिले. मामांनी घरात, जेवताना, अर्ज फेटाळला. म्हणाले, "तुमी काय करताय सभासद हून? चहा तर तितं बी तुमालाच करावा लागंल." मामीनं त्यांना दुसरी भाकरी वाढली नाही.

इथं मामांची मुलगी स्वरूपा येते. बारामतीला कॉलेजात इतिहास शिकते आणि शिकलेलं घरी येऊन सांगते, ही तिची खोड आहे. (मी दहावीत इतिहासाच्या पेपराला सनावळ्या सोडून बाकी सगळं लिहिलं होतं. सरांना त्यातली एकही लढाई ओळखता आली नाही.) तिनं सांगितलं, की शंभर-सव्वाशे वर्षांमागं इंग्लंडातल्या बायकांना मत नव्हतं. सरकार मोजायला आलं तेव्हा त्या म्हणाल्या, आमचं मत धरत नाही तर आमची डोकी तरी कशाला धरता? आणि मोजणीच्या रात्री घर सोडून गेल्या. कुणी रानात तंबू ठोकून राहिली, कुणी चाकाच्या बुटांवर रात्रभर गरागरा फिरत बसली, आणि एक बाई तर त्यांच्या पार्लमेंटातच एका कपाटात लपली.

काकू शेंगा फोडत होती. तिनं एवढंच विचारलं, "आन् त्यांच्या जनावरांचं कोण बघत हुतं?"
स्वरूपा म्हणाली, ते पुस्तकात नाही.
"मिळालं का मग मत?"
"मिळालं की आत्या. सात वर्षांनी, ते पण निम्म्याच जणींना."
"सात वर्सं आपल्याला परवडायची न्हाईत," काकू म्हणाली. "हितली निवडणूक पुढल्या म्हयन्यात हाय."

तात्या, मी तिथंच बसलो होतो आणि शपथेवर सांगतो, यापलीकडं चर्चा झाली नाही. ना सभा, ना घोषणा, ना व्हाट्सॅपचा ग्रुप. दुसऱ्या दिवशी सकाळची धार झाली, कॅन डेअरीवर पोचले, आणि बायका भाकऱ्या बांधून बंधाऱ्यावरून नीरा ओलांडून पलीकडं गेल्या. पलीकडं सिंधुमामीचं माहेर, मोठी वस्ती आहे. मुख्य म्हणजे पलीकडं सोलापूर जिल्हा लागतो. म्हणजे तुमची आमची काकू चालत चालत पुणे जिल्ह्याच्या बाहेर गेली, आणि इकडच्या मोजणीला सापडेना. योगिनी मॅडम बंधाऱ्यापर्यंत आल्या, म्हणाल्या, अहो मावशी, उत्तर नाकारणं गुन्हा आहे. काकूनं पलीकडून हात जोडले. "आमी कुठं नाकारतोय बाई? घरी असलेल्याला इचारा. चांगले शिकलेले चेअरमन हायेत."

मग मॅडमनी घरी असलेल्यांना विचारलं. मी बरोबर होतो (मला काही काम नव्हतं, आणि इतकं चांगलं काही मला आजवर फुकट बघायला मिळालं नव्हतं). पहिलं घर जोतीराममामांचं. घरात माणसं किती? मामांनी बोटं मोजली, मग म्हणाले, जेवायला बसल्यावर नक्की सांगता येईल. लग्न झालेली जोडपी किती? "एक. म्हंजे सध्या निम्मंच." घरात मुख्य धान्य कुठलं खाता? "भाकरी." कशाची? "गरम." पुढं मॅडमनी धाकट्या मुलाचं वय विचारलं तर मामा म्हणाले, ज्या साली ऊस उशिरा तुटला त्या सालचा आहे. मॅडमनी मोबाईल खाली ठेवला आणि पाणी मागितलं. तर पिण्याचं पाणी कुठल्या हंड्यात असतं तेही मामांना माहीत नव्हतं. गावात घरोघर हेच. एका घरात तर यजमानांनी शेजारणीला हाक मारली, आणि शेजारीण सोलापूर जिल्ह्यात.

खरी गंमत संध्याकाळी झाली. माणसांचं भांडण जनावरांना कळत नाही. मोगरी म्हैस धारेला उभी, आणि सिंधुमामी नदीपलीकडं. मामा चरवी घेऊन खाली बसले तर मोगरीनं चरवीसकट मामांना गोठ्याच्या दारात पोचवलं. तुम्हाला ठाऊकच आहे, म्हैस हात ओळखते, वास ओळखते, लुगडं ओळखते. गावात जुना उपाय आहे, तोच मामांनी केला. मामीचं पातळ नेसले, तिचा दंडाला घट्ट होणारा झंपर नको म्हणून सदऱ्यावरच पदर घेतला, तो डोक्यावरून पुढं ओढला, आणि "हो माय, हो माय" करत बसले. मी रेडकू धरून होतो. मोगरीनं मान वळवून एकदा बघितलं, मोठा सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला. (त्या सुस्काऱ्यात काय होतं ते मी सांगू शकत नाही. बायकोचा असतो तसा होता.)

आणि नेमक्या तेव्हा योगिनी मॅडम दारात. सकाळची उत्तरं मोबाईल घेईना म्हणून बिचाऱ्या परत आल्या होत्या. अंधुक उजेड, पाठमोरी बाई धार काढतेय, त्यांना वाटलं बायका परतल्या. "ताई, कुटुंबप्रमुख आहेत का घरात?"

मामांना उठता येईना, कारण उठले तर मोगरी पान्हा चोरणार. तोंड दाखवता येईना, कारण मिशी. पदरातून बारीक आवाज आला, "मालक भाईर गेल्यात."

"बरं. त्यांचं नाव काय?"

आता तात्या, दुसरा कुणी असता तर नाव सांगून मोकळा झाला असता. पण मामा रीतीचे माणूस. पातळ नेसलं म्हटल्यावर पातळाची रीत पाळली. लाजून म्हणाले, "आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत."

मी रेडकू सोडलं. मला धरवलं नाही. रेडकू थेट मामांच्या मांडीत शिरलं, पदर खाली आला, आणि निरवांगी दूध संस्थेचे चेअरमन मॅडमसमोर मिशीसकट प्रगट झाले. मॅडम जुन्या शिक्षिका, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चालू द्या, मी उद्या येते." आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

रात्रीच्या दुधाचं गावभर असंच झालं. दोन दिवस डेअरीवर कॅन निम्मे आले. तिसऱ्या दिवशी मामांनी मला बंधाऱ्यावर निरोप घेऊन पाठवलं. पलीकडं बायका चिंचेखाली बसल्या होत्या, आणि मी काकूला असं कधी बघितलं नव्हतं तात्या. ती मोठ्यानं हसत होती. आपल्या घरात ती हसते तेव्हा पदर तोंडाला लावते. मी निरोप सांगितला की मामा म्हणतात, या, बोलू. काकू म्हणाली, "बोलून झालंय. ठराव करा म्हणावं. धार जिची, दूध तिच्या नावावर. आन् दूध तिच्या नावावर, तर मत बी तिचं." मी बंधाऱ्यावरून इकडून तिकडं चार-पाच खेपा घातल्या. (माझं ना दूध, ना मत, ना घर. म्हणून दोन्हीकडच्यांचा विश्वास.) संध्याकाळच्या धारेच्या वेळेला ठराव झाला. संस्थेच्या अंगणात, सगळ्यांच्या सह्यांनिशी. घाई बाप्यांनाच होती.

मग बायका आल्या आणि म्हणाल्या, आता मोजा. मॅडमनी सिंधुमामीच्या अंगणात बसून पहिल्यापासून सुरू केलं. मामीनं न अडखळता सगळं सांगितलं: माणसं, धान्य, पाणी, धाकट्याचा जन्म. मग मॅडमनी विचारलं, कुटुंबप्रमुख कोण लिहू? मामीनं मागं वळून बघितलं. मामा खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "लिवा की सिंधुबाई. मालक भाईर गेल्यात, मीच सांगितलंय त्या दिशी."

मामी हसली नाही तात्या. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बरीच गावं हिंडलो, पोल्ट्रीवर राहिलो, डीजेच्या गाडीवर राहिलो, ड्रोनवाल्यांबरोबर फवारणीला फिरलो. पण घर सोडून जाणं म्हणजे काय ते मला या बायकांनी दाखवलं. मी जातो तेव्हा कुणाचं काही अडत नाही.

एवढंच. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मोटरसायकल सुखरूप आहे.

आपला आज्ञाधारक पुतण्या,
मल्हार

ता. क. इतकं वाचून तुम्ही म्हणाल, निरवांगीचं मिटलं, मग ही येत का नाही? तर काकूच्या नावानं कन्हेरीच्या संस्थेत सभासदत्वाचा अर्ज दोन वर्षं तुमच्या टेबलावर आहे. ती म्हणते, एसीची हवा लागून त्याच्यावरची धूळ उडाली असेल, आता वाचावा. सही केलेला अर्ज घेऊन तुम्ही स्वतः यावं. सोबत गल्लीतल्या बाकीच्या जणींचेही आणावेत.

ता. क. दुसरा. हे मी काकूला वाचून दाखवलं. "दंडाला घट्ट झंपर" हे खोडायला सांगितलं होतं. खोडायचं राहिलं. तुमच्या मापाचं पातळ मात्र ती पाठवायला तयार आहे.

ता. क. तिसरा. योगिनी मॅडम म्हणाल्या, सोमवारपासून त्यांची कन्हेरीत मोजणी आहे. त्या माहितीचा मी उगाच बोभाटा केला नव्हता, फक्त काकूला सांगितलं. पण आत्ता पाकीट चिकटवत होतो तर दारात टमटम थांबली. तुमच्या सेक्रेटरींची बायको उतरली, तिच्यामागं सगळी गल्ली उतरली, आणि सगळ्यांत शेवटी हाताला धरून प्रयागबाई आजीला उतरवलं. म्हणजे तुमच्या मातोश्रींना. आजीचा तुम्हाला निरोप आहे, "माझ्या दादासोला म्हणावं, चुलीम्होरल्या डब्यात पीठ हाय. भाकरी थापताना हात वला कर, न्हायतर चिकटंल."