खुर्ची दिली, पण सोडली नाही

ती. मामांस भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? (मामी कळवतात की तो जिना चढताना दुखतो, पत्ते खेळायला जाताना दुखत नाही. डॉक्टरांना हे सांगितलंत का?) आम्ही दोघं मजेत.

आमच्या रिकाम्या खोल्या पाहून तुम्ही म्हणाला होतात, सगळं हप्त्यांवर घे, मी जामीन राहतो. तुमचा मोठेपणा. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि आमचं तर अंथरूणही शेजारणीचं. तेव्हा ठरवलं, कर्ज काढायचं नाही. लोकांना नकोसं झालेलं वापरायचं, आपल्याला जास्त झालेलं पुढे द्यायचं. त्याप्रमाणे आमच्या तीन बादल्या गेल्या, कपाट आलं (लाथ मारल्याशिवाय उघडत नाही), पंखा आला (फक्त भिंतीला वारा घालतो), आणि मागच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी आरामखुर्ची दिली. मी ती डोक्यावर घेऊन मिरवत आणली.

दुसऱ्या दिवशी पाचला पोस्टमास्तर दारात. खुर्ची नीट आहे ना, एवढंच बघायला आलो म्हणाले. बघायला म्हणून जे बसले ते साडेसातला उठले. मग रोजच. वर्तमानपत्र स्वतःचं आणायचे, चहा आमचा प्यायचे, आणि मी छापखान्यातून दमून आलो की "बसा ना, उभे का?" असं मलाच म्हणायचे, जमिनीकडे बोट दाखवून. आठ दिवस आम्ही सोसलं. नवव्या दिवशी स्पष्ट सांगायचं ठरलं. (मी मुद्रितं तपासतो, दुसऱ्याची चूक दाखवणं हा माझा धंदा, तरी जीभ रेटेना.) तर त्या दिवशी ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. खुर्ची रिकामी, पण तीत बसावंसं आम्हा दोघांनाही वाटेना.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. अंगात ताप, आणि स्टुलावर भिंतीला टेकून बसलेले. पलंगावर झोप येत नाही, खुर्चीत यायची म्हणाले.

"मग दिलीत कशाला?" ही जरा रागानेच म्हणाली.

"खुर्ची कुणाकडे गेली, तर मलाही जायला एक घर होईल, म्हणून."

मी उलट पावली आलो, खुर्ची पुन्हा डोक्यावर घेतली आणि पोचवली. आता ते बरे आहेत. पाचला आम्हीच तिकडे जातो, थर्मासमध्ये चहा घेऊन. मी अजून जमिनीवरच बसतो. फरक इतकाच की आता जमीन त्यांची आहे.

प्रकृतीला जपा. मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता. क. : आईकडून कळलं की तुम्ही हप्त्यांवर नवा सोफा घेताय. फार छान. जुन्याचं काय ठरलं? मी शनिवारी सकाळचा टेम्पो सांगून ठेवलाय.

आणखी एक ता. क. (भाचेसुनेच्या अक्षरात) : मामा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. कर्ज काढायचं नाही असं आमचं काही ठरलं नव्हतं. यांनी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा बँकेनेच नाही म्हटलं. बाकी पत्र खरं आहे. सोफ्याची रुंदी मात्र कळवा, आमचं दार अरुंद आहे.