ड्रम कुणाचा, गुरुवार कुणाचा

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात दोनच खुर्च्या होत्या. एका संध्याकाळी भट्टीत बीन्सचे मडके होते, काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या आणि आम्ही समोरासमोर बसून गुडघ्यांवर पाइनची एक फळी आडवी ठेवली होती. अ‍ॅन्सल मला ड्रमचा लांब रोल शिकवत होता. उजव्या हाताचे दोन ठोके म्हणजे बाबा-बाबा, डाव्या हाताचे दोन म्हणजे आई-आई. नदीकाठच्या सगळ्या ड्रमपथकांत हा बोल असाच शिकवतात.

"तुझे बाबा ठणठणीत आहेत," तो म्हणाला, "पण आई पुटपुटते."

"कॉन्व्हेंटात शिकलेली आहे. खालच्या आवाजातच बोलायची."

"मग तिला सांग, इथे सिस्टर कुणी नाहीत. बोल म्हणावं मोकळेपणी."

बीन्स मडक्याला लागले. आम्ही ते तसेच खाल्ले.

मिस्टर डेनिसन, माझे वकील, म्हणतात की मृत्युपत्र असे सुरू होत नाही. आधी मी कोण, कुठली आणि शुद्धीवर आहे की नाही, ते यायला हवे. तर तेही लिहिते.

मी, होनोरा ब्रिजेट चॉकर, माहेरची टिअर्नी, वय अडुसष्ट, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त, राहणार फेरी स्ट्रीट, टॅलकट्स फेरी, कनेक्टिकट, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. यापूर्वीचे रद्द समजावे. माझी बुद्धी शाबूत आहे. फुप्फुसे नाहीत, पण कायद्याला फुप्फुसांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. मांजर कागदावर बसले आहे, त्याला मी दडपण मानत नाही.

कलम पहिले. माझे पती अ‍ॅन्सल चॉकर हयात आहेत. ते नदीपलीकडे मिल ब्रूकच्या वृद्धाश्रमात असतात. त्यांना आता मी आठवत नाही. माझे घर, बँकेतली शिल्लक आणि माझ्या नावावर जे काही निघेल ते सर्व त्यांच्या देखभालीसाठी राखून ठेवावे. ही व्यवस्था माझा भाचा कॉर्मॅक टिअर्नी याने पाहावी. घर विकावे लागले तर विकावे, रडत बसू नये. मात्र घेणाऱ्याला सांगावे की मागच्या दाराची तिसरी पायरी मुद्दाम सैल ठेवलेली आहे. अ‍ॅन्सल सरावाहून उशिरा आला की ती करकरायची आणि मी चहाचे आधण ठेवायची. पुढे मलाही पथकात घेतले, आम्ही दोघे बरोबरच घरी येऊ लागलो, पण पायरी दुरुस्त करायचे कुणाच्याच मनात आले नाही.

कलम दुसरे. अ‍ॅन्सलची ड्रम-दुरुस्तीची हत्यारे कॉर्मॅकला. ड्रमवर वासराचे नवे कातडे चढवताना त्याची ओली कड लाकडी कड्याभोवती दुमडायची असते. त्यासाठी वापरायचा चमचा या हत्यारांतच सापडेल. तो माझ्या लग्नात आलेल्या संचातला आहे. "फक्त आजच्यापुरता नेतो," असे म्हणून अ‍ॅन्सलने नेला आणि दांडा वाकवून ठेवला. माझा संच जन्मभर अपुरा राहिला. उरलेले चमचे माझी वहिनी कॅथलीन हिला, आणि तिने त्यांच्या अपुरेपणाबद्दल पाहुण्यांसमोर बोलू नये. माझी जपमाळ वृद्धाश्रमातल्या नर्स लोरेनला. ती प्रार्थना करत नाही, पण तिला मणी आवडतात. मांजर ज्याला पसंत करेल त्याला.

कलम तिसरे. गावच्या इतिहास मंडळाने आमच्या घरातल्या जुन्या ड्रमसाठी काचेची पेटी आधीच करून घेतली आहे, असे माझ्या कानावर आले आहे. त्यांनी त्या पेटीत माझी तीन कोनांची टोपी आणि पथकाचा अंगरखा ठेवावा. ड्रम मिळणार नाही. ज्या कातड्यावर हात पडत नाही ते मरते. आमच्या पथकातल्या मंडळींनीही आशा धरू नये. तुम्ही ड्रमवर कातड्याऐवजी प्लास्टिकचे पडदे बसवले तेव्हा मी काही बोलले नव्हते, आता बोलून घेते. तो आवाज टेबलावर पत्ते आपटल्यासारखा येतो.

कलम चौथे. ड्रम.

हे कलम लांबेल. मिस्टर डेनिसन यांनी चष्मा काढून ठेवला आहे.

दर गुरुवारी मी ड्रम घेऊन पूल ओलांडते. अ‍ॅन्सलच्या खोलीत दोन खुर्च्यांच्या मध्ये तो ठेवते. अ‍ॅन्सल मला "या मॅडम" म्हणतो आणि पाहुण्यांशी बोलावे तसे हवापाण्याचे बोलतो. मग मी त्याच्या हातांत काठ्या देते आणि अगदी सावकाश सुरुवात करते. बाबा-बाबा, आई-आई. त्याचे हात येऊन मिळतात. आम्ही वेग वाढवत जातो, ठोके एकमेकांत मिसळतात आणि जाड कापड एका दमात फाडत न्यावे तसा आवाज होतो. मग त्याच वाटेने परत यायचे, प्रत्येक ठोका पुन्हा सुटा ऐकू येईपर्यंत. जुन्या पद्धतीत रोल असाच असतो. चढणारे पुष्कळ मिळतात, उतरणारे थोडे. उतरून झाले की अ‍ॅन्सल तळवे कातड्यावर ठेवतो आणि डोळे मिटतो. त्यानंतर तो पोटभर सूप पितो आणि रात्री झोपतो. इतर दिवशी तो खोलीचे दार शोधत हिंडतो.

वसंतात मी आजारी होते म्हणून कॉर्मॅकला पाठवले. त्याचा हात चांगला आहे, पण तो रंगमंचावर वाजवायला शिकला. तिथे शिखरावर पोहोचले की एकदम थांबायचे आणि टाळ्या घ्यायच्या. तो तसाच थांबला. अ‍ॅन्सलला थांबता येईना. कॉर्मॅकने ड्रम उचलला तर अ‍ॅन्सल खुर्चीच्या हातावर वाजवू लागला, मग भिंतीवर. लोरेनने येऊन त्याचे हात धरले तेव्हा बोटांची सालटी निघाली होती.

कॉर्मॅक माझ्या पलंगाशी येऊन बसला. एवढा दाढीवाला माणूस, पण तोंड लहान मुलासारखे झाले होते.

"आत्या, मी थांबलो गं. काका थांबलेच नाहीत."

"थांबायचं नसतं रे. उतरायचं असतं."

वृद्धाश्रमाने तेव्हाच सांगून ठेवले आहे. उतरवून आणणारे कुणी नसेल तर ड्रम आत येणार नाही. त्यांची चूक नाही. पण मग अ‍ॅन्सलला गुरुवार उरणार नाही. मी गेल्यावर त्याला सूप मिळेल, औषध मिळेल, स्वच्छ चादर मिळेल. त्याला खाली कोण आणणार, हा प्रश्न उरतो. आमच्या पथकातले जुने हात एकतर दफनभूमीत आहेत किंवा फ्लॉरिडात.

राहिली व्हर्ना स्टॅनर्ड, मिल ब्रूकच्या पथकातली.

नदीच्या दोन्ही काठांना ठाऊक आहे की माझ्या आधी अ‍ॅन्सल दोन उन्हाळे व्हर्नाबरोबर फिरत होता. नंतर ती स्पर्धांची परीक्षक झाली. आमच्या रांगेसमोरून पाठीमागे हात बांधून चालायची आणि प्रत्येक वेळी एकच शेरा द्यायची, उतरताना घाई. एकदा पथकांच्या जुलैच्या मेळाव्यात चावडर सूपच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "टॅलकट्स फेरीवाले शिडीने चढतात आणि उतरतात ते पडून." मी म्हणाले होते, "आणि मिल ब्रूकवाल्यांचा रोल माणूस जेवून परत आला तरी चालूच असतो." त्यानंतर आम्ही एकमेकींना फक्त मान हलवत आलो.

गेल्या जूनमध्ये रोल उतरत असताना अ‍ॅन्सलने माझ्याकडे नीट पाहिले. किती दिवसांनी तसे पाहिले होते.

"व्हर्ना," तो म्हणाला, "उतरताना तू नेहमी घाई करतेस."

"करते खरी."

"पण हात गोड आहे तुझा."

मी "थँक्यू" म्हणाले. परत येताना पुलावर गाडी उभी करून मी नदीकडे पाहत बसले. त्याच्या तोंडून एक नाव तरी निघाले होते. मी ते घेतले. दुसरे काय करणार होते?

ऑगस्टमध्ये मी व्हर्नाच्या रस्त्याकडेच्या भाजीच्या टपरीवर गेले.

"मका आजच तोडलाय," ती म्हणाली.

"मला मका नकोय."

"मग रस्त्यात गाडी कशाला उभी केलीस? मागे लोक खोळंबलेत."

मी गाडी बाजूला घेतली आणि तिला सगळे सांगितले. बोटांचे सांगितले, आणि नावाचेही.

"मी? घाई?" तिने मक्याचे कणीस खाली ठेवले. "जन्म गेला माझा तुम्हा लोकांना हेच सांगण्यात, आणि तो मलाच सांगतो?"

"तुला नाही. मला."

ती टोमॅटोच्या खोक्यावर बसली. गिऱ्हाइकाला हातानेच थांबायला सांगितले.

"त्याला अजून येतं सगळं?"

"हातांना येतं."

"आणि तू कुठे चाललीस?"

"डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याबद्दल बोलत नाहीत."

तिने माझ्या डोळ्यांकडे पाहायचे टाळले आणि कणसे पिशवीत भरू लागली. "तुझ्या ड्रमचं कातडं सैल असतं, नोरा. दोऱ्या ओढत नाहीस तू. मेळाव्यात नेहमी ऐकते मी."

"मग तू ओढ."

"गुरुवारी मला बाजार असतो."

मी गप्प राहिले. कॉन्व्हेंटात एवढे शिकवतात.

"बाजार बुधवारी करीन," ती म्हणाली, आणि मक्याचे पैसे घेतले.

म्हणून, ड्रम, त्याच्या खालच्या बाजूच्या जुन्या तातींसकट, आणि हिकरी लाकडाच्या काठ्यांच्या दोन्ही जोड्या मी व्हर्ना स्टॅनर्ड हिला देते. अट एवढीच की अ‍ॅन्सल हयात असेपर्यंत तिने दर गुरुवारी त्याच्यापाशी बसावे, त्याला चढू द्यावे आणि स्वतः खाली आणावे. ड्रम आगीजवळ ठेवू नये. पावसाळी हवेत दोऱ्यांवरचे चामड्याचे कान खाली सरकवून ताण द्यावा, हे तिला सांगणे आगाऊपणाचे आहे, पण ड्रम माझा आहे तोवर मी सांगणार. अ‍ॅन्सलनंतर ड्रम बिनशर्त तिचा. तिने तो मिल ब्रूकच्या रांगेत वाजवला तरी चालेल. आमच्या लोकांना ते लागेल. लागू दे.

तिचेही वय झाले आहे. म्हणून तिने कॉर्मॅकला हाताशी धरून उतरायला शिकवावे, म्हणजे तिची तब्येत बिघडली तरी गुरुवार चुकणार नाही. शिकवताना टोमणे मारायची तिला पूर्ण मोकळीक आहे. कॉर्मॅकने उलट बोलू नये. स्वयंपाकघरातली पाइनची फळी सरावासाठी कॉर्मॅकला.

कलम पाचवे. मला सेंट अ‍ॅगाथाच्या दफनभूमीत पुरावे. काळ्या कापडाने झाकलेले ड्रम, मंद चाल, असले काही नको. अ‍ॅन्सलला तिथे आणू नये आणि मी गेल्याचे त्याला कळवू नये. ज्या बाईला तो ओळखत नाही तिच्यासाठी त्याने थंडीत का उभे राहावे?

मृत्युपत्र करणाऱ्याला स्वतःसाठी काही राखून ठेवता येत नाही, असे मिस्टर डेनिसन म्हणतात. तरी एक गोष्ट मी राखून ठेवते, आणि ती त्यांनी खोडू नये. कधी रोल उतरत असताना, किंवा सूप पिता पिता, अ‍ॅन्सलने आपण होऊन विचारले की नोरा कुठे आहे, तर त्या दिवशी व्हर्नाने पूल ओलांडून यावे, माझ्या दगडापाशी थांबावे आणि त्याने विचारले, एवढे मला सांगावे. तिने त्याला काय उत्तर दिले ते सांगायची गरज नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

होनोरा ब्रिजेट चॉकर

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही:
पर्सिस हॉचकिस, शेजारीण
थॅडियस कोवाल्स्की, पोस्टमन

टॅलकट्स फेरी, कनेक्टिकट
११ ऑक्टोबर २०१८, गुरुवार. दुपारी पलीकडे जायचे असल्यामुळे सह्या सकाळीच उरकल्या.