केस हाय, पण काहून हाय?

प्रिय आई,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. आज बसलेच, कारण तुझ्याशिवायची पहिली पालकसभा झाली आणि त्यात भांडण झालं ते तू उभ्या केलेल्या आपल्या शाळेची गाडी चालवणाऱ्या माणिकवरून!

यंदा सगळ्यांची पोलीस पडताळणी नव्यानं करून घेतली. माणिकच्या नावावरची जुनी मारहाणीची केस आणि भोगलेली शिक्षा पुन्हा वर आली. बाळापुरात बातमी फुटायला कितीसा वेळ! पहिलीतल्या एका मुलीचे वडील, गजाननराव, सभेत उभेच राहिले. "मॅडम, जेलात जाऊन आलेल्या माणसाच्या हवाली आमची लेकरं काहून करून राहिलात तुमी?"

खरं सांगू? मला त्यांचा नाही, तुझाच राग आला. जुन्या पालकांना तू घरोघरी जाऊन सगळं सांगितलंस. पण सगळं तोंडीच! नव्यांना कोण सांगणार होतं, आई?

माणिक नोकरी मागायला आला तो दिवस आठवतो? पाणी प्यायच्या आधी म्हणाला, "बाई, आधीच सांगतो. दाजी बहिणीला लई मारायचा. मी त्याचा हात मोडला. सजा झाली." मी तुला आत बोलावून म्हणाले, "नको गं, दुसरा ड्रायव्हर मिळेल." तू म्हणालीस, "केस हाय हे कळलं. काहून हाय, ते बी कळू दे की."

आणि जीपमध्ये बसून त्याच्या गावी गेलीस! बहिणीला भेटलीस, शेजाऱ्यांना भेटलीस, ज्याचा हात मोडला त्यालाही गाठलंस. कसलं धाडस गं तुझं! तोसुद्धा म्हणाला, "रागीट हाय, पण लबाड न्हाई." 'रागीट' हा शब्द तू विसरली नाहीस. माणिकला ठेवलंस, पण गाडीत लेकरांसोबत एक मावशीही ठेवलीस.

लोकांना वाटायचं, बाई भोळ्या आहेत. भोळी होतीस का तू? माणिकच्या आधी याच नोकरीसाठी मामाचा राजू आला होता. घरचा, गोड बोलणारा. "माझ्यावर काहीच न्हाई, आत्या." पडताळणीत मुलीची छेड काढल्याची केस निघाली. तू त्या मुलीच्याही घरी जाऊन आलीस, आणि सख्ख्या भावाच्या तोंडावर 'नाही' म्हणालीस. मामा राखीला आला नाही. पुढंही कधी आला नाही. दर राखीला तू दाराकडं बघायचीस. किती जड गेलं असेल गं तुला! मी कधी विचारलंच नाही.

सभेत मी गजाननरावांना एवढंच म्हणाले, "रविवारी माझ्यासोबत माणिकच्या गावी चला. तिथं विचारा काय विचारायचं ते."

आले बरं का! माणिकची बहीण आता वेगळी राहते, शिवणकाम करते. तिनं चहा केला आणि म्हणाली, "त्या दिवशी भाऊ आडवा आला नसता, तर तुमाला चहा द्यायला मी ऱ्हायले नसते." गजाननराव चहा प्यायले.

सोमवारी त्यांनी मुलीला गाडीत बसवलं. आणि स्वतः मोटारसायकल काढून शाळेपर्यंत गाडीच्या मागं मागं आले! मंगळवारीही आले. मला माणिकसाठी वाईट वाटलं. "मी बोलू का त्यांच्याशी?" असं विचारलं, तर गाडी पुसता पुसता म्हणाला, "येऊ द्या त्यायला, मॅडम. बाप हाय त्यो."

आई, तुला शब्द देते. पडताळणी कोणाचीच टाळणार नाही, घरच्या माणसाचीही नाही. केस दिसली म्हणून तिथंच थांबणारही नाही, जाऊन विचारीन. आणि नवीन लेकरू शाळेत आलं, की त्याच्या आईबापाला माणिकची गोष्ट पहिल्याच दिवशी मी स्वतः सांगीन, माणिकला शेजारी बसवून.

तुझीच,
रंजना