खाटकाचा दशांश

पाळक भाऊजी,

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तुम्ही आधी तुमच्या भावासाठीच प्रार्थना कराल.

वर्षभरात चर्चला किती देणार, ते लिहायचं कार्ड तुम्ही रविवारी वाटलंत. दशांश पुरे, असं तुम्हीच म्हणालात. पण नव्या बाकावर स्वतःचं नाव कोरून हवं म्हणून तुमचा भाऊ निम्मी कमाई लिहायला निघाला. "पोरींच्या तोंडचा घास काढताय," एवढंच मी बोलले. त्याने तराजूतलं किलोचं वजन माझ्या तोंडावर हाणलं. पुढचे दोन दात मटण तोडायच्या ठोकळ्यावर पडले.

मागे माझा सुजलेला डोळा बघून तुम्ही म्हणाला होतात, "सोसा वहिनी, देव बघतोय."

म्हटलं, बघू दे. तोंडातलं रक्त थुंकून मी त्याच ठोकळ्यावर कार्ड ठेवलं आणि दशांश लिहिला. ते फाडायला त्याने हात घातला, तेव्हा मी सत्तूर उचलला.

आता तो दवाखान्यात बोंबलतोय की बायकोने हात तोडला. साफ खोटं. दहा बोटांतलं एकच घेतलं, तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. पण पुन्हा माझ्यावर हात उचलला, तर निम्म्याला माझी ना नाही.

सोसून झालेली,
तुमची वहिनी