सात दालनं, सहा पानं

१२ ऑक्टोबर, सोमवार

तर म्हणे पुस्तिका मीच लिहायची! सव्वीस वर्षं पर्यटन खात्यात बसची वेळापत्रकं आणि हॉटेलांचे फोन नंबर टाइप केले, आता एकदम कला. "तुम्ही पूर्वी चित्रं काढायचात ना?" साहेब म्हणाले. पूर्वी मी दोरीवरच्या उड्याही मारायचे!

'आपल्या भागातली बघण्यासारखी कलादालनं.' जागा सात, पानं सहा. म्हणजे एकाला नारळ द्यायचा आणि तो मी द्यायचा. नियम असे — प्रत्येक ठिकाणी तीनदा जायचं, सामान्य माणसासारखं तिकीट काढून, आपण कोण ते न सांगता. यादी नोव्हेंबरअखेर त्यांच्या टेबलावर.

नावं वाचत गेले. सातवं वाचलं आणि कागद पालथा घातला. सातवं बेबीचं आहे.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

बेबी म्हणजे माझी नणंद. बावन्न वर्षांची घोडी झाली, तरी घरात बेबीच! जुन्या बर्फाच्या कारखान्यात तिने कलाकेंद्र काढलं. सहा वर्षांपूर्वी उद्घाटनाला माझं एक चित्र नेलं — मागून नेलं! मी नटूनथटून गेले, तर चित्र कुठे? बाथरूमच्या बोळात, हात पुसायच्या कागदांच्या वर. आणि चार पाहुण्यांसमोर मला म्हणाली, "छंद म्हणून छान आहे हं, वहिनी." त्या दिवसापासून मी ब्रश हातात धरला नाही आणि तिच्याशी एक शब्द बोलले नाही. हे दर रविवारी गॅलरीत जाऊन बहिणीला फोन करतात, दार ओढून घेऊन. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. संसार सुखाचा चाललाय.

खरं तर साहेबांना सांगायला हवं होतं, सातवी जागा नात्यातली आहे म्हणून. नाही सांगितलं. का? कारण मला स्वतःच्या हाताने तिचं नाव खोडायचंय! इथे लिहायला काय जातंय, इथे कोण वाचतंय.

१४ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना हे आपणहून म्हणाले, "पुस्तिकेत नाव आलं नाही तर बेबीचे विश्वस्त डिसेंबरात कुलूप लावणार. जागा कोणीतरी गोदामाला मागितलीय." मी म्हटलं, "असं का? अजून एक पोळी वाढू?"

पण खोडणं वेगळं आणि कुलूप वेगळं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

सरकारी मोठं संग्रहालय. एकोणीस खोल्या, बाक एक. त्या बाकावर पहारेकरी!

वीज वाचवायचा हुकूम आहे म्हणे. मी खोलीतून बाहेर पडले की तो मागचा दिवा बंद करतो आणि मी पुढच्या खोलीत पोचायच्या आत दिवा लावायला माझ्या पुढे पळतो. बाराव्या खोलीत दोघंही धापा टाकत होतो. "बाई, जरा सावकाश बघा ना," म्हणाला. बिचारा! मग आम्ही दोघंही त्या बाकावर बसलो. मुलीच्या बारावीचं सांगत होता.

चित्रं चांगली आहेत. एक पान नक्की.

२१ ऑक्टोबर, बुधवार

लघुचित्रांचं दालन. एवढी एवढी चित्रं, बघायला साखळीला बांधलेलं भिंग. साखळी आखूड! वरच्या ओळीपर्यंत भिंग पोचतच नाही. तिथल्या बाईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "वरची ओळ तशी साधीच आहे."

२४ ऑक्टोबर, शनिवार

शिल्पांची बाग. सगळ्यात मोठ्या दगडी बाईच्या हातात स्टीलचा डबा लटकवलेला. मी पाच मिनिटं अर्थ लावत उभी — स्त्रीचं ओझं, स्वयंपाकघर, काय काय! माळी आला, "जरा सरका" म्हणाला, डबा काढला आणि झाडाखाली जेवायला बसला. खरं सांगते, डबा होता तेव्हाच ती बाई जास्त चांगली दिसत होती.

२८ ऑक्टोबर, बुधवार

आधुनिक कलेचं केंद्र. काळोखी खोली, मऊ गालिचा, भिंतीवर पाणी हलत होतं. मी पाचच मिनिटं म्हणून टेकले. जाग आली तेव्हा चार पोरं माझ्याभोवती मांडी घालून आदराने बघत बसलेली. एक जण वहीत काहीतरी लिहून घेत होता! मी उठून पदर सावरला तर टाळ्या. पान देऊन टाकलं. तिथे झोप छान लागते.

३१ ऑक्टोबर, शनिवार

मातीच्या भांड्यांचं संग्रहालय — गोड. एका धनिकाच्या घरातलं खासगी दालन — मालक आपल्या मागे मागे फिरतो आणि "श्वास जपून" म्हणतो! चित्रांना दमट हवा बाधते म्हणे. मी बाहेर येऊन पोटभर श्वास घेतला.

सहा झाली. सगळीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याही उरकत आणल्यात. बेबीकडे एकदाही नाही. सोमवारी, सोमवारी करत दोन सोमवार गेले.

४ नोव्हेंबर, बुधवार

इतक्या वातानुकूलित खोल्या फिरून घसा पार बसला. आवाज म्हणजे गंजलेलं दार. डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा दिवस कमी बोला. हे किती खूश झालेत, लपवतासुद्धा येत नाहीये त्यांना.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले! गॉगल, डोक्याला स्कार्फ, शेजारणीचा लांब कोट. हे म्हणाले, "सर्कशीत नोकरी लागली का?"

बेबी स्वतःच समोर आली. एका पायात तपकिरी चप्पल, दुसऱ्यात काळी. कलावंत झाल्या आता बाईसाहेब! नमस्कार केला, पण नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. नजरेला नजर देईना! म्हणजे ओळखलंन् मला. ओळखलंन् आणि ओळख दाखवत नाही — आमचे नियम या सगळ्यांना पाठ असतात. बरं! तू खेळ, मीही खेळते. मी त्या गंजक्या आवाजात "नमस्कार" म्हटलं आणि निघाले तिच्या मागे. ती चालताना एक हात भिंतीवरून फिरवत जाते. तोरा बघा!

आता नाइलाजाने लिहिते. जागा उत्तम आहे. वैताग! चौदा बाक — मोजले मी. बर्फाच्या कारखान्याच्या जाड भिंती, आत गारवा, बाहेरचा आवाज नाही. आणि बेबी चित्राबद्दल एक अक्षर सांगत नाही. ना जन्मसाल, ना शैली. बाकावर बसवते, शेजारी बसते आणि विचारते, "सांगा, काय दिसतंय?"

चौथ्या खोलीत एकच मोठं चित्र. ओहोटीचं बंदर. मी म्हटलं, "होड्या आहेत." म्हणाली, "किती? घाई नाही. डावीकडून सुरू करा." मग होड्या मोजल्या, तीन, चिखलात कललेल्या. मग पाठमोरी बाई दिसली, मग तिच्या मांडीवरचं जाळं, मग पिवळी बादली. जसजसं सांगत गेले तसतसं दिसत गेलं! पाऊण तास एकाच चित्रापुढे बसले. इतकी हुशार पद्धत बाकी सहाही ठिकाणी नाही. बाहेर पडले ती चरफडतच. वाईट असती तर किती सोपं झालं असतं!

७ नोव्हेंबर, शनिवार

यांनी विचारलं, "कशी वाटली?" म्हटलं, "जागा की बहीण?" म्हणाले, "दोन्ही." म्हटलं, "घसा बसलाय माझा."

१४ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी फेरी. तोच कोट, तोच स्कार्फ. घसा अजून तसाच. पुन्हा चौथी खोली, पुन्हा तो बाक. मी होड्यांवरून बाईवर येते न येते तोच बेबी मध्येच म्हणाली, "तुम्ही छान बघता. माझी एक वहिनी आहे, ती असंच बघायची."

मी गार!

"चित्रं काढायची," म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगली. मला ते सहन झालं नाही, म्हणून मी तिचं चित्र नको तिथे टांगलं. वर चारचौघांत एक वाक्य बोलले. तिने चित्रं काढणंच सोडलं. मी सहा वर्षं रोज ठरवते, उद्या फोन करीन."

"मग करत का नाही?" मी खरखरले.

"ती उचलणार नाही. आणि उचललाच तर मी रडेन, तिला वाटेल नाटक करतेय." हसली आणि मला म्हणाली, "परक्या माणसाला सांगायला बरं असतं, नाही?"

मी काहीतरी पुटपुटून निघाले. बसस्टॉपवर डोळे पुसले, तर गॉगल आधी काढायचा विसरले. शेजारच्या बाईने रुमाल दिला.

१५ नोव्हेंबर, रविवार

रात्रभर नाही, पण सकाळभर विचार केला. आणि आता टाळकं फिरलंय!

मूर्ख आहे मी! ती मला ओळखून बसलीय. माझ्या हातात पान आहे हे तिला माहीत आहे. मग "वहिनी चांगलं बघायची", "वहिनी माझ्यापेक्षा चांगली" — हे दुसरं काय आहे? लोणी! सहा वर्षं एक फोन नाही, आणि पुस्तिका निघणार म्हटल्यावर पाझर फुटला. आणि परकं माणूस म्हणे! तोंडावर! लहानपणापासून नाटकात पहिला नंबर.

हे गॅलरीतून फोन करून आले. म्हटलं, "तुमच्या बहिणीला सांगा, अभिनय चांगला करते." ते काहीतरी बोलणार होते, पण गप्प बसले. बसू देत.

१६ नोव्हेंबर, सोमवार

खोडलं नाव. लाल पेनने, दोनदा. त्या 'श्वास जपून'वाल्याला पान दिलं. तो उद्धट असेल, पण गोडबोल्या नाही.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

घसा सुटला. पहिलं वाक्य यांना उद्देशून, "ओले टॉवेल पलंगावर टाकू नका." आयुष्य पूर्ववत.

यादी टाइप झालीय. फक्त बेबीकडची तिसरी फेरी तेवढी राहिलीय, नाहीतर साहेब फॉर्म परत पाठवतील. सोमवारी जाऊन येते. कोटबिट काही नाही. आता कुणापासून लपायचंय?

२३ नोव्हेंबर, सोमवार

जाऊन आले. आज लिहिणं होणार नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

बुधवारी साहेबांना सगळं सांगून टाकलं, नातं, भांडण, लाल पेन, सगळं. "मग आधी का नाही बोललात?" म्हणाले. वाजवी बोलले. काल ते स्वतः जाऊन आले, दोन तास बसले. सहावं पान बेबीचं. विश्वस्तांनाही त्यांनीच फोन केला.

आता सोमवारचं लिहिते.

चौथ्या खोलीत बाकावर बसलो. भिंतीवर चित्रच नव्हतं. नुसता खिळा. चौकटवाला ठरल्या दिवसाच्या आधीच येऊन घेऊन गेला होता, आणि तिकीटवाल्या बाई बेबीला सांगायला विसरल्या होत्या. बेबी त्या खिळ्याकडे मोठ्या प्रेमाने बघत होती. "सांगा," म्हणाली, "आज काय दिसतंय?"

मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

दृष्टी जाऊन दोन वर्षं झाली म्हणे. यांना माहीत होतं, तिने शपथ घातली होती. म्हणजे तिने मला ओळखलंच नव्हतं! ते वहिनीचं सगळं तिने खरोखरच एका परक्या बाईला सांगितलं होतं.

मग मी सांगायला लागले. डावीकडून, घाई न करता. ओहोटी. तीन होड्या. पाठमोरी बाई, जाळं, बादली. रडू आवरत नव्हतं, पण होडी एकही सोडली नाही. संपल्यावर तिचा हात चाचपडत आला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"कुत्रं राहिलं, वहिनी," म्हणाली. "तिसऱ्या होडीखाली झोपलंय बघ."