बाबांची खुर्ची वाळली

गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८१

खुर्ची वाळली. आत्ता पुन्हा बोट लावून पाहिलं, ठसा उमटत नाही.

वाटणीत बाबांची खुर्ची मला आली, तेव्हापासून धाकटा गणपत घरी आला नव्हता. आता ती त्यालाच द्यायची होती. पण निरोपात 'शुक्रवारी ये' एवढंच कळवलं. खुर्ची द्यायची आहे, हे काहून नाही सांगितलं?

तेलाचं वार्निश दोन दिवस ओलं राहतं, लॅकर अर्ध्या तासात वाळतं, असं दुकानदार म्हणाला. म्हणून लॅकर आणलं. दुसरा हात मारून होतो न होतो, तर गणपत आजच दारात! हसत सरळ खुर्चीकडेच गेला.

"त्याच्यावर बसू नोको!" मी ओरडलो.

"अजून बी नाही का, दादा?" म्हणाला, आणि कारध्याच्या बसकडे निघाला.

ओली आहे, एवढं तोंडातून निघू नये?

"भावजी चिकटले असते तं चिकटले असते," ही म्हणाली. "घरात तं राहिले असते!"

मागे धावायला हवं होतं. बस सुटायला वेळ होता. पण लॅकरनं ब्रश कडक होईल म्हणून आधी तो थिनरमध्ये धूत बसलो.

ब्रश मऊ राहिला.