बोक्याचे दहा दिवस

१ जुलै, मंगळवार

चावला! आमचा बोक्या इस्त्रीवाल्याला चावला!

कुत्र्याचं नाव बोक्या ठेवायची हौस ह्यांची, निस्तरायचं मी. दातांच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून आत्ता कुठे टेकले होते. बेल वाजली. इस्त्रीचे कपडे. दार उघडलं तर बोक्या माझ्या पायांमधून सुसाट, आणि त्या बिचाऱ्याची पोटरीच धरली! दोन दात चांगले रुतले. रक्त.

खालून त्याची बायको धावत आली, वाटीत तिखट घेऊन! जखमेत भरायला! ओरडलेच तिच्यावर — "अगं, जाळतेस का त्याला!" त्याला ओढत न्हाणीघरात नेलं. नळ सोडला, साबण लावला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं पाय धुतला. तो सारखा ओशाळून, "ताई, राहू द्या, तुम्ही कशाला पायाला हात लावता." म्हटलं, गप बस. पट्टी बांधली नाही, जखम उघडीच ठेवली. "आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा. इंजेक्शन फुकट असतं." हो हो म्हणत गेला.

२ जुलै, बुधवार

गेलाच नाही! ढिम्म. शर्टावर इस्त्री फिरवतोय.

"घरचा कुत्रा आहे ताई. दहा दिवस तो धडधाकट राहिला म्हणजे मला काही होत नाही. सगळे म्हणतात."

अरे, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं ते इंजेक्शन सुरू करून! नुसतं हातावर हात ठेवून नव्हे! घसा कोरडा पडला सांगून. तो हसतोय.

३ जुलै, गुरुवार

बोक्याचं लशीचं पुस्तक काढलं. फेब्रुवारीची जागा कोरी! "मी नेतो," म्हणाले होते हे. दुपारपाळी असते, सकाळभर घरीच असतात. विचारलं तर पेपरातून डोकं वर न काढता — "राहून गेलं. उगाच बाऊ करू नकोस."

बाऊ! रेबीज एकदा उठला की त्यावर औषध नाही हो! पण मी तरी कुठे पाच महिने ते पुस्तक उघडून पाहिलं? स्वतःचाच राग येतोय.

बोक्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. "आज ठीक वाटतोय. बांधून ठेवा, लक्ष ठेवा. त्या माणसाचं पहिलं इंजेक्शन झालं ना?" "नाही," म्हणावं लागलं.

४ जुलै, शुक्रवार

नाही गेला.

६ जुलै, रविवार

रोज सकाळी जिन्याखालून तीच हाक — "ताई, बोक्या कसा आहे?"

"जेवला."

"मग झालं तर!"

की पुन्हा इस्त्री. बोक्याने पोळी खाल्ली की ह्याला औषध मिळालं! म्हटलं, मी रजा काढते, सोबत येते. "तुम्ही फार मनाला लावून घेता ताई." डॉक्टर येईपर्यंत पेशंटना धीर द्यायचं काम माझं. भल्याभल्या मिशीवाल्यांना सुई घ्यायला खुर्चीत बसवलंय मी. आणि हा एक गडी जुमानत नाही. डोकं फिरायची वेळ आली आहे.

८ जुलै, मंगळवार

आज त्याच्या बायकोला गाठलं. म्हटलं, तू तरी सांग त्याला. उद्या काही झालं तर पाण्याचा घोट उतरणार नाही त्याच्या घशाखाली, तडफडत जाईल, काय करशील? तर ती रडायलाच लागली. आत निघून गेली, पडदा ओढून घेतला. फारच चढा आवाज लावला का मी? वाईट वाटलं. पण मग कसं सांगायचं माणसाने! गोड बोलून झालं, रागावून झालं, हात जोडून झाले.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "तू त्या दोघांच्या नादी लागू नकोस."

९ जुलै, बुधवार

आज मी काय करून बसले!

ड्यूटीला निघाले. नेहमीची हाक — "ताई, बोक्या कसा आहे?" तोंडातून निघून गेलं — "मेला."

इस्त्री शर्टावर तशीच राहिली. जळका वास सुटला तरी त्याला भान नाही. "कधी?" "पहाटे." खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही माझी! तो बायकोकडे बघत राहिला. मग दोघं टेबल आवरायला लागली.

मी तशीच परत वर. मेलेला बोक्या शेपूट हलवत दारात उभा! त्याला आतल्या खोलीत कोंडलं, टीव्हीचा आवाज मोठा केला. हे भडकले — "जिवंत कुत्र्याला मारलंस? लोक काय म्हणतील?" लोक! नऊ दिवसांत त्या माणसाचा पाय कसा आहे म्हणून एकदा विचारलं नाही. वर आणखी, "तो काय म्हणाला? आणखी काही बोलला का?" काय बोलणार? बोलायच्या पलीकडे गेला होता तो.

१० जुलै, गुरुवार

ड्यूटी बुडवून सरकारी दवाखान्यात गेले. खरंच गेला की नाही ते बघायला. रांगेत होता; काल पोचेपर्यंत खिडकी बंद झाली होती म्हणे. शेजारी बायको. तिच्याही हातात कार्ड.

"तू कशाला?"

तिने बाही वर केली. दंडावर दातांच्या खुणा. त्याच मंगळवारची सकाळ. ती कपडे न्यायला वर आली होती, मी ड्यूटीवर. दार ह्यांनी उघडलं होतं.

"साहेब म्हणाले, सगळ्या लशी दिल्यात, काही होत नाही. ताईंना तेवढं सांगू नकोस."

नर्सबाईंना बाजूला घेऊन बोक्याचं सगळं खरं सांगितलं. दोघांना सुई टोचेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग घरी आले.

"गेला का एकदाचा तो?" ह्यांनी विचारलं.

"दोघं गेली," म्हटलं.

दुसरं कोण, ते ह्यांनी विचारलं नाही.